वाडा, राजवाडा आणि पॅलेस

(समाजाच्या वार्षिक संमेलनात वाणगाव येथे केलेले भाषण)



'राजवाडा' या शब्दाचा अर्थ व उगम या विषयावर मी आज बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा आहे. मी भाषापंडित नव्हे, शाळामास्तर आहे. शब्द हातात घ्यावा, उलटसुलट करून पाहावा, त्याचे नातेवाईक कोण याची चौकशी करावी, एवढीच विद्या मला येते. आपण सर्व उन्हातान्हातून, काही तर मुंबईहून पहाटेच्या गाडीने येथे आलेले आहात. तेव्हा केवळ कोशातील माहिती सांगून आपला वेळ घेणे योग्य होणार नाही. या शब्दाचा आपल्या समाजाशी जो संबंध आहे तो मला सांगावयाचा आहे, आणि तो थोडा दुरूनच सांगत यावा लागेल.

आरंभ परक्या शब्दापासून करू, कारण हल्ली तोच अधिक कानांवर पडतो. आपल्या भागात कोठेही जा. मंगल कार्यालयास 'पॅलेस', खानावळीस 'पॅलेस', चार मजली चाळवजा इमारतीसही 'पॅलेस' असे नाव दिलेले आढळते. हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. त्याचे मूळ पाहिले तर ते इमारतीचे नाव नव्हेच. ते एका टेकडीचे नाव आहे. रोम शहर ज्या सात टेकड्यांवर वसले, त्यांपैकी एकीचे नाव पॅलाटियम. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचे घर या टेकडीवर होते. पुढच्या सम्राटांनीही तेथेच बांधकामे केली, ती वाढत वाढत बहुतेक टेकडी व्यापून बसली, आणि टेकडीचे नाव राजगृहास चिकटले. ते तेथून साऱ्या युरोपात पसरले.

यात गंमत अशी की, ज्या ऑगस्टसमुळे हा शब्द जन्मास आला, त्याचे घर अगदी साधे होते. सुएटोनिअस नावाच्या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, त्याचे घर आकाराने मोठे नव्हते की सजावटीने डोळ्यांत भरणारे नव्हते, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तो उन्हाळा-हिवाळा एकाच खोलीत निजत असे. संगमरवर आणि सोने पुढच्यांनी आणले; नाव मात्र त्या साध्या घराच्या जागेवरून पडले.

मग त्या टेकडीस पॅलाटियम का म्हणत? यावर विद्वानांत एकमत नाही. काहींच्या मते गुराख्यांच्या 'पालेस' नावाच्या देवतेवरून ते नाव पडले. दुसऱ्या काहींच्या मते लॅटिनमध्ये 'पालुस' म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख, खुंट. अशा खुंटांचे कुंपण घातलेली जागा ती पॅलाटियम. कोणतेही मत घ्या, जगातील सर्वांत दिमाखदार समजल्या जाणाऱ्या या शब्दाच्या मुळाशी गुरे तरी आहेत, नाही तर कुंपण तरी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आपल्या स्वतःच्या शब्दाकडे वळलो म्हणजे तिचा उपयोग होणार आहे.

संस्कृतात राजगृहास शब्दांची वाण नाही. अमरकोशकारांनी धनिकांच्या घरास हर्म्य आणि देवाच्या व राजाच्या घरास प्रासाद म्हटले आहे. चुन्याला संस्कृतात सुधा म्हणतात; चुन्याने पांढरे केलेले ते सौध. प्रासाद हा शब्द 'सद्' म्हणजे बसणे या धातूपासून झाला. पुढे, उंचावर, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी बसण्याची जागा, असा त्याचा मूळ अर्थ. याच धातूपासून सदन, उपनिषद आणि संसद हे शब्द झाले. (मुले 'प्रसाद' आणि 'प्रासाद' यांत नेहमी घोटाळा करतात. धातू एकच असल्यामुळे त्यांना फार दोष देता येत नाही.) राजा उंचावर एकटा बसतो तो प्रासाद, आणि लोकांचे प्रतिनिधी एकत्र बसतात ती संसद. बसणे तेच, रीत निराळी.

महाल हा शब्द अरबी. मुक्कामास उतरणे, डेरा टाकणे, या अर्थाच्या धातूपासून तो आला. 'मोहल्ला' हा त्याचाच भाऊ. म्हणजे महाल हा मुळात उतरण्याचा तळ. मराठीत त्याला आणखी अर्थ फुटले. तालुक्याहून लहान अशा महसुली विभागास महाल म्हणत व त्यावरील अधिकाऱ्यास महालकरी. शिवछत्रपतींच्या कारभारात 'अठरा कारखाने, बारा महाल' असत. त्या बारा महालांत खजिना होता, टांकसाळ होती, अंतःपुर होते, आणि थट्टी म्हणजे गाईगुरांचा गोठाही होता. महाराजांच्या राज्यात गोठा हाही एक महाल होता, हे 'महाल' शब्दाने दिपून जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता आपला शब्द. राजाच्या घरास मराठी माणसाने प्रासाद म्हटले ते ग्रंथात, आणि महाल म्हटले ते बहुधा नाटकात. बोलताना तो म्हणाला वाडा. राजा राहतो म्हणून राजवाडा. पेशव्यांनी जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानावर दरारा बसविला, परंतु थोरल्या बाजीरावांनी पुण्यात घर बांधले त्याचे नाव शनिवारवाडा. त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवस शनिवारच होते. आतील दिवाणखाने, कारंजी, सात मजली इमारत हे सर्व पुढे १८२८ च्या आगीत जळून खाक झाले. आज पुण्यास गेलेला मनुष्य काय पाहतो? तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा. आतले सगळे गेले आणि भोवतालचा गडगा तेवढा राहिला. पण शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर वाडा शिल्लकच आहे, कारण वाडा म्हणजे मुळात तो गडगाच.

ते कसे, हे सांगतो. संस्कृतात 'वाट' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कुंपण, किंवा कुंपण घातलेली जागा. वेढणे, झाकणे या अर्थाच्या 'वृ' धातूशी त्याचा संबंध लावतात. यज्ञासाठी आखून वेढून घेतलेल्या भूमीला यज्ञवाट म्हणत. (रस्ता या अर्थाची आपली 'वाट' निराळी, ती वर्त्मन् शब्दापासून आली. दोघींचा संबंध जोडू नये.) प्राकृतात शब्दाच्या मधल्या 'ट' चा 'ड' होतो. घटाचा घडा झाला, वटाचा वड झाला, शाटीची साडी झाली, घोटकाचा घोडा झाला. त्याच नियमाने वाट किंवा वाटक याचा वाडा झाला. म्हणून धनगर मेंढरे कोंडतो तोही वाडा, परसात गुरे बांधतो तेही वाडगे, आणि राजा राहतो तोही वाडाच. आपले गुजराथी शेजारी कुंपणाला आजही 'वाड' म्हणतात. तलासरीच्या बाजारात उभे राहिले की एका भाषेत कुंपण आणि दुसऱ्या भाषेत राजगृह, असा एकच शब्द दोन अर्थांनी कानांवर येतो. आपल्याच जिल्ह्यात वाडा नावाचे तालुक्याचे गाव आहे. तेथील कोलम तांदूळ सर्वांच्या परिचयाचा आहे. वाड्याला जाऊन आलो असे कोणी सांगितले, तर तो राजवाड्यातून आला असे कोणी समजत नाही.

राजवाडा म्हणजे राजाचे कुंपण, हे केवळ व्याकरण नव्हे. याचा पुरावा आपल्या जवळच जव्हारला आहे. जव्हारच्या मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी एक कथा परंपरेने चालत आलेली आहे, आणि ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरातही ती छापलेली आहे. त्या मुलुखावर तेव्हा एका वारली नायकाची सत्ता होती. महादेव कोळी समाजातील हा वीर त्याच्याकडे आला आणि त्याने बैलाच्या कातड्याखाली झाकली जाईल एवढीच जमीन मागितली. वारली नायक भोळेपणाने हो म्हणाला. तेव्हा त्याने त्या कातड्याची बारीक वादी कापली, ती एकास एक जोडून लांबच लांब केली आणि तिने केवढी तरी भूमी वेढून घेतली. आफ्रिकेतील कार्थेज नगर वसविणाऱ्या डायडो राणीविषयी युरोपात अगदी हीच कथा सांगतात. तेव्हा ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण कथा खोटी असली तरी ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. राज्य बांधकामाने सुरू होत नाही, ते वेढण्याने सुरू होते. आधी वादी फिरते, मग वाडा उभा राहतो.

इ.स. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून या घराण्यास राजेपणाची मान्यता मिळाली असे मानतात. तेव्हापासून सहाशे वर्षे, म्हणजे १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत, जव्हार संस्थान टिकले. गावाबाहेर उंचावर झाडीत असलेला तेथील जयविलास राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेचे सभासद झाले. प्रासाद आणि संसद हे एकाच धातूचे दोन शब्द असल्याचे मी मघाशी सांगितले, ते एका माणसाच्या आयुष्यात असे एकत्र आले.

परंतु त्या कथेतला वारली नायक मला सोडवत नाही. वादी फिरली तेव्हा तो कोठे उभा होता? कुंपण घातले म्हणजे कोणी आत येतो, तसा कोणी बाहेरही राहतो. कथा आतल्यांनी सांगितली, म्हणून ती चातुर्याची कथा झाली.

बंधूंनो, आपल्या या भागात 'वाडा' शब्दाचा आणखी एक अर्थ होता, आणि समाजाच्या संमेलनात तो उच्चारण्याचा संकोच मी करणार नाही. जमीनदार-सावकाराचा वाडा. डहाणू, तलासरी आणि उंबरगावच्या रानात वारली कुटुंबे पिढ्यान्पिढ्या वेठीला आणि लग्नगडी म्हणून राबत. लग्नासाठी कर्ज काढावे आणि त्याच्या फेडीत नवराबायकोने वाड्यावर आयुष्य काढावे, असा तो प्रकार होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला जाणार नाही असा निर्धार झाला. ती हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली असून, ते पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य वाचावे. त्या काळच्या वारल्याला 'वाडा' शब्दाने काय आठवत असेल? त्याला दिवाणखाना आठवत नसेल, झुंबर आठवत नसेल.

आणि गावोगावचे वाडे? ब्राह्मणवाडा, महारवाडा, मांगवाडा. येथे तर शब्दाचा मूळ अर्थ उघडाच दिसतो. एकेका जातीचे कुंपण म्हणजे तिचा वाडा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलल्याने कुंपणे किती मोडली, हे ज्याने त्याने आपल्या गावात फिरून पाहावे. आपण 'पाडा' म्हणतो त्याचे मूळ निराळे. पाटक म्हणजे गावाचा एक भाग, त्यावरून पाडा. वाड्यात कुंपण आहे, पाड्यात नाही. आपल्या वाड्यांमध्ये कामास येणारी माणसे पाड्यांवरून येतात. भाषेने भेद किती बारकाईने टिपला आहे पाहा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, ज्यासाठी हा विषय मला देण्यात आला. आपल्या नियोजित सभागृहास काय नाव द्यावे, याची चर्चा मंडळात चालू आहे. तरुण मंडळींपैकी काहींनी 'पॅलेस' सुचविले आहे. काही ज्येष्ठांना 'राजवाडा' हवे आहे, कारण आपण सोमवंशी क्षत्रिय, आपले पूर्वज बिंबराजाबरोबर या प्रांतात आले, असे आपण परंपरेने मानतो. महिकावतीच्या बखरीत त्या काळच्या कुळांची हकीकत आहे. ती बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. शब्दांची व्युत्पत्ती शोधण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांच्या आडनावातच आजचा आपला विषय आहे, हा एक योगायोग.

क्षत्रिय म्हणून अभिमान असावयास माझी हरकत नाही. परंतु 'सोमवंशी क्षत्रिय' हे पत्रिकेत छापताना छाती फुगते, आणि 'वाडवळ' हा शब्द मुलांच्या तोंडी आला की आईबाप त्यांना गप्प करतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. वाडवळ म्हणजे माळी-बागाईतदार, शेणामातीत हात घालणारा, असे त्यांना वाटते. वाडी करणारा तो वाडवळ, अशी त्या शब्दाची फोड सर्वसाधारणपणे करतात, आणि मला ती पटते. मग वाडी म्हणजे काय? संस्कृत वाटिका, तिची मराठीत वाडी झाली. वाटिका म्हणजे लहान 'वाट', लहान कुंपणाची जागा. वाडा आणि वाडी ही सख्खी भावंडे आहेत. एकाने माणसे वेढली, दुसरीने झाडे वेढली, एवढाच फरक. ज्यांना राजवाड्याचा अभिमान आणि वाडीची लाज वाटते, ते एकाच घरातल्या मुलाला पाटावर बसवून मुलीला ओसरीवर ठेवण्यासारखे वागत आहेत.

सीतामाईला रावणाने आपल्या अंतःपुराजवळ जेथे ठेवले, त्या बागेला आपण अशोकवाटिका म्हणतो. (वाल्मीकींचा शब्द अशोकवनिका असा आहे. वाटिका लोकांच्या तोंडी रुळली.) हनुमंताने लंकेतील सोन्याचे प्रासाद एकेक करून धुंडाळले, तेथे त्याला सीता भेटली नाही. ती भेटली वाडीत. कीर्तनकार या प्रसंगाचा हवा तसा विस्तार करतील. मी शब्दापुरताच थांबतो.

सभागृहास नाव काय द्यावे हे मंडळ ठरवील. माझे मत विचाराल तर ते एका शब्दाचे आहे: 'वाडी'. रोमच्या टेकडीवरचा शब्द उसना आणावा आणि त्याच्याही मुळाशी खुंटांचे कुंपण निघावे, यापेक्षा आपल्याच कुंपणाचे नाव लावलेले बरे.

पण मला खरी चिंता पाटीची नाही, वाड्यांचीच आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. जमिनींची विचारपूस करणारे लोक आता रोज दारात येतात. ज्याला विकणे भाग आहे त्याला दोष देणे मला शोभत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, आजारपण, खाऱ्या होत चाललेल्या विहिरी, ही कारणे मी घराघरांतून ऐकली आहेत. तथापि एक गोष्ट पाहा. वाडी विकली की पहिल्याच आठवड्यात शेराचे आणि निवडुंगाचे कुंपण उपटले जाते, चिकूची जुनी झाडे पडतात, आणि त्या जागी काँक्रीटची उंच भिंत, लोखंडी दरवाजा आणि रखवालदार येतो. मग पाटी लागते 'पॅलेस'. शेराच्या कुंपणात एक फट असे. तीतून शेजारीण ताक मागायला येई, पाड्यावरची पोरे पडलेले चिकू वेचून नेत, आणि आपण पाहून न पाहिल्यासारखे करीत असू. या नव्या भिंतीत तसली फट ठेवण्याची पद्धत नाही.

विकलेल्या वाडीबरोबर तिचे नावही जाते. आपल्या प्रत्येक वाडीला नाव होते. कुणाच्या आजीचे, कुणा झाडाचे, विहिरीचे, एखाद्या भांडणाचेसुद्धा. सात-बाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक असतो. वाडीचे हे घरगुती नाव तेथे बहुधा सापडत नाही. जुन्या खरेदीखतांत, वाटणीपत्रांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते असते. गेल्या पावसाळ्यापासून मी अशी नावे एका वहीत उतरवून घेत आहे. कोणत्या वाडीचे नाव काय, ती कोणत्या गावात, चतुःसीमा काय, आत पूर्वी कोणती झाडे होती, रहाट कोठे होता, आणि ते नाव का पडले, एवढे मी विचारतो. चिंचणी, तारापूर, वाणगाव आणि डहाणूकडील काही घरांतून मला चांगली माहिती मिळाली. पुष्कळ घरांत मात्र ज्यांना ठाऊक होते त्या आजीबाई नुकत्याच गेल्या, असे उत्तर मिळाले.

भोजनानंतर मी मंडपाच्या पूर्वेकडील बाजूस ही वही घेऊन बसणार आहे. आपल्यापैकी ज्यांच्याजवळ जुनी कागदपत्रे असतील त्यांनी त्यांची नक्कल आणून द्यावी. मूळ कागद हाताबाहेर देऊ नयेत. ज्यांची वाडी विकली गेली आहे त्यांनीही संकोच न करता यावे. त्यांच्याच नावांची मला अधिक गरज आहे. आणि घरातील वृद्ध स्त्रियांना कोणी हाताला धरून माझ्यापर्यंत आणले तर फार उपकार होतील, कारण झाडांची नावे पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक आठवतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.